मांजर घालवलं, राख राहिली

माझ्या लेकीच्या डाव्या डोळ्याकडे बघून कुणी "मांजरामुळे झालं ना गं?" असं विचारलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. विचारणारीला वाटतं आपण मायेने विचारतोय. डोंबलाची माया! लग्नात, स्टेशनवर, दवाखान्याच्या बाकावर, कुठेही भेटलेली ओळखीची बाई पोरीची हनुवटी धरते, तिचं तोंड उजेडाकडे वळवते आणि च्च च्च करते. मग मला शहाणपण शिकवते, की मेली मांजरं घरात ठेवूच नयेत. आधी मी समजावत बसायची. नंतर नुसती मान हलवायला लागले. आता सरळ सांगते, बाई, मांजराला कशाला नावं ठेवता, जे केलं ते माणसांनी केलं आणि ती माणसं माझ्याच घरातली होती. यावर बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागते.

आम्ही तेव्हा सुरतेच्या पांडेसरात राहायचो. पत्र्याच्या खोल्यांची लांबच लांब लाइन, त्यात सगळी आपली खानदेशची माणसं. कुणी धुळ्याकडचं, कुणी नंदुरबारचं, कुणी अमळनेरचं. लाइनीच्या टोकाला एक सामाईक नळ, नळाच्या मागे पडकी भिंत आणि भिंतीपलीकडे खाडी. मिलमध्ये त्या दिवशी जो रंग चालू असेल त्या रंगाचं पाणी खाडीला. माझा नवरा डाइंग मिलमध्ये बॉयलरवर होता. मी इथे त्याला 'तो' म्हणतेय. तोंडावर अजूनही 'अहो'च म्हणते, पण कागदावर मला कुणाच्या बापाची भीती नाही.

बॉयलरवरच्या माणसाला मिलमधून एक गोष्ट फुकट मिळायची, ती म्हणजे राख. लाकूड जळायचं त्या दिवशीची राख पिठासारखी मऊ असायची. नवरा आठवड्याच्या सुट्टीआधी तिचं पोतं सायकलला बांधून आणायचा आणि नळामागच्या भिंतीशी रिकामं करायचा. तिथे कायमचा ढीग होता. सगळ्या लाइनीच्या बाया त्यातूनच मूठमूठ राख घेऊन भांडी घासायच्या. यावर आमच्या घराची इज्जत होती, हे हसण्यावारी नेऊ नका. "त्या बॉयलरवाल्याच्या घरची राख" असं बाया म्हणायच्या तेव्हा माझ्या सासूची मान ताठ व्हायची.

सासूला मी आत्या म्हणायची. बाई कष्टाळू, तोंडाने फाटकी, आणि भांड्यांच्या बाबतीत अगदी वेडी. खोलीत दुसरं काही नसलं तरी भिंतीवरच्या मांडणीत ताटं, वाट्या, डबे, गुंड अशी रांग हवी आणि दारातून आत येणाऱ्याचे डोळे दिपले पाहिजेत. खानदेशातून येताना आपण शेत आणलं नाही, गुरं आणली नाहीत, भांडी तेवढी आणली. तीच लोकांना दाखवायची. मी घासलेली थाळी ती हातात घ्यायची, दारात उजेडाला धरायची आणि म्हणायची, "भांडामा तोंड दिसाले पाहिजे." तोंड दिसलं नाही की थाळी परत माझ्या पुढ्यात यायची. मी काही बोलायची नाही. नवीन नवरी, माहेर लांब, बोलणार कुणाला!

आता मांजर. ते आणलं कुणी, तर याच माझ्या सासूने. सुरतेत प्लेग झाला त्या वर्षी आम्हीही सगळ्यांसारखे गाडीला लोंबकळत गावाकडे पळालो होतो. गावात गेलो तर भाऊबंदांनी आम्हाला गोठ्यात झोपायला लावलं, अंगणातसुद्धा येऊ दिलं नाही. ते दुःख सासूच्या मनात फार बसलं. परत आल्यावर तिला उंदराची अशी धास्ती बसली, की पत्र्यावर खडखड झाली तरी ती उठून काठी घ्यायची. मग एक दिवस भेस्तानच्या कुठल्याशा ओळखीच्या बाईकडून पिशवीत घालून मांजर घेऊन आली. "मांजर व्हई ते उंदीर येत नही," असं म्हणून तिने ते माझ्या मांडीवरच सोडलं. राखाडी अंग, पांढरे पाय, आणि नजर अशी की जणू आम्हीच त्याच्या घरी राहायला आलोय. त्याचं नाव वगैरे कुणी ठेवलं नाही. "ए माय, हट" एवढंच त्याचं नाव.

आमचं बघून लाइनीत बाकीच्यांनीही मांजरं आणली. प्लेगचा धसका सगळ्यांनाच होता. आणि खरं सांगते, उंदीर कमी झाले. सासू आमच्या मांजराला पोळीचा पहिला तुकडा टाकायची, मटण आणलं की कच्चे छिचडेही टाकायची. मी शिळ्या भाकरीचा चुरा ताकात कालवून द्यायची. माझ्याशी त्या घरात दिवसभर कुणी धड बोलत असेल तर ते मांजरच. मी भाकरी थापताना ते परातीला पाठ लावून बसायचं.

आणि मांजराला मऊ जागा लागते. आमच्या लाइनीत मऊ जागा एकच होती, नळामागचा राखेचा ढीग. सगळ्या लाइनीची मांजरं तिथे जायची, उकरायची, बसायची आणि परत राख ओढून झाकून टाकायची. आम्ही बाया हे रोज बघायचो. राख घेताना काही दिसलं तर काडीने बाजूला उडवायचं आणि त्याच्या शेजारची मूठ घ्यायची. किळस यायची, पण भीती नाही वाटायची. राख म्हणजे शुद्ध, विस्तवातून निघालेली, तिला काय विटाळ होणार, असं आम्ही धरून चाललो होतो. ओल्या हातांना राख लागलेली, नखांत राख, आणि त्याच हाताने घाम पुसायचा, केस मागे सारायचे, मधेच मशेरी लावायची.

माझं पहिलं पोट पडलं होतं. प्लेगच्याही आधीची ती गोष्ट. कशाने पडलं ते कुणाला कळलं नाही, पण लाइनीत त्याची कारणं मात्र प्रत्येकीला माहीत होती. कुणी म्हणे हिने पपई खाल्ली, कुणी म्हणे हिचा पायगुणच तसा. म्हणून दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा माझा जीव नुसता टांगणीला लागला होता. देवाला एकच मागायची, या वेळचं बाळ धड हाती येऊ दे. नवराही घाबरला होता, हे मी नाकारत नाही. तो मला उधन्याच्या एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टर म्हणाला, आधीचं गेलंय ना, मग रक्त तपासून घेऊ.

तो दिवस मला चांगला आठवतो, कारण त्या दिवसावर मी नंतर फार डोकं आपटलंय. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरने नवऱ्याला आत बोलावलं. मी पण उठले तर कंपाउंडर म्हणाला, "बेन, तमे बेसो." बसले. पोट माझं, रक्त माझं, आणि मी बाहेर बाकावर! आत डॉक्टर गुजरातीत बोलत होता. मला तेव्हा गुजराती भाजीवालीपुरतं येत होतं. दार अर्धं उघडं होतं, नवरा हात जोडून मान हलवताना दिसत होता. बराच वेळ बोलणं चाललं होतं. मला वाटलं, काहीतरी वाईट आहे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?"

"रिपोर्ट चांगला आहे," तो म्हणाला. "काही नाही निघालं. फक्त मांजर घालवायला सांगितलं. मांजराचा एक रोग असतो, तो बाळाला होतो म्हणे."

"बाकी?"

"बाकी काय? चांगलं खा-पी म्हणाले."

एवढंच! इतक्या वेळच्या बोलण्यातलं एवढंच माझ्या वाट्याला आलं. मी तेव्हा उलट खूश झाले. रिपोर्ट चांगला आहे ना, मग झालं. सायकलवर मागे बसून मी त्याच्या शर्टाला धरलं होतं आणि मनात म्हणत होते, नवरा चांगला मिळाला हो, बायकोला खाजगी दवाखान्यात नेतो.

घरी आल्याबरोबर हा मर्दगडी कामाला लागला. ज्या मांजराला सासूने डोक्यावर बसवलं होतं ते तासाभरात सगळ्यांचं वैरी झालं. सासूने लाइनभर बोंब ठोकली, की मांजराचा केस पोटात गेला तर पोर आंधळं होतं, मांजराचा श्वास लागला तर पोट पडतं. झालं! पहिलं पोट पडलं त्याचं पापही मांजराच्याच माथी मारलं. अहो, तेव्हा हे मांजर जन्मालाही आलं नव्हतं! पण कोण ऐकतंय. बाया मला लांबून बघायला लागल्या. मांजर मात्र नेहमीसारखं येऊन माझ्या पायाला अंग घासत होतं. त्याला काय माहीत. नवऱ्याने हाक मारली तर ते आपणहून त्याच्याकडे गेलं. त्याने ते राखेच्याच रिकाम्या पोत्यात कोंबलं आणि सायकलवरून भेस्तानच्या पलीकडे सोडून आला.

ते काही दिवसांनी परत आलं. वाळलेलं, एका कानाला जखम, पण आलं, आणि दारात बसून ओरडलं. मला रडू फुटलं. "कसाले रडस व? पोरले जपशी का मांजरले?" असं सासू खेकसली, पण तिचेही डोळे ओले झाले होते, मी पाहिलं. या वेळी नवऱ्याने ते मिलच्या टेम्पोवाल्याकडे दिलं. त्याने पलसाण्याच्याही पुढे, हायवेला कुठेतरी सोडलं. परत ते आलं नाही. त्या पोत्याच्या आतून येणारा आवाज मला अजून ऐकू येतो, आणि मग मला सगळ्यांचा राग येतो, त्यात मी पण आलेच.

मांजर गेलं आणि घरात सगळे निर्धास्त झाले. नवऱ्याने मिलमध्ये सांगितलं असेल, बायकोसाठी मांजर सोडून आलो. सासूने खोली सारवल्यासारखी पुसून काढली, गोधड्या उन्हात टाकल्या. गोमूत्रसुद्धा शिंपडलं. मला मांजर असलेल्या कुठल्याही घरी जायची बंदी झाली. आणि इतकं सगळं करून झाल्यावर सासूने भांड्यांचा ढिगारा माझ्या हातात दिला आणि मी नळावर गेले. रोजच्यासारखी. भिंतीमागे गेले, ढिगातून मूठ घेतली आणि घासायला बसले. पोट वाढत गेलं तसं उकिडवं बसता येईना, मग पाटावर बसून घासायची. आमचं एक मांजर गेलं होतं, लाइनीतली बाकीची तशीच होती. ती त्याच ढिगात जात होती. नवरा पोती आणत होता. सासू थाळी उजेडाला धरत होती.

पोटात बाळ हलायला लागलं होतं त्या सुमारास मला ताप आला. बारीक ताप, अंग मोडून आल्यासारखं, आणि मानेला मागच्या बाजूला गाठी आल्या. लाइनीतला डॉक्टर, त्याला आम्ही डॉक्टर म्हणायचो एवढंच, त्याने सुई टोचली आणि म्हणाला, हवा बदललीय. सासूने हळदीचं दूध दिलं. ताप गेला, गाठी काही दिवस राहिल्या, त्याही गेल्या. ताप असतानाही भांडी मीच घासली, हे वेगळं सांगायला नको. गरोदर बाई आजारी पडली म्हणून घरातली भांडी थांबत नाहीत आणि पुरुषाचा हात नळाला लागत नाही, निदान आमच्या लाइनीत तरी लागत नव्हता.

मुलगी झाली. गोरीपान, गुटगुटीत, आवाज असा की दोन खोल्यांपलीकडे ऐकू जावा. सासू जरा हिरमुसली, पण बाळाने मूठ आवळून तिचं बोट धरलं तशी विरघळली. म्हणाली, "मांजर काढं म्हनीसन पोर वाची." मांजर काढलं म्हणून पोर वाचली. नवऱ्यानेही मिशीवर हात फिरवला. मी पण दोघांचे उपकार मानले! केवढी मूर्ख मी!

पोरगी चालायला लागली तेव्हा डावीकडून दारावर आपटायची. आम्ही म्हणायचो, वेंधळी आहे, बापावर गेलीय. मग डावा डोळा जरा आत वळतोय असं दिसायला लागलं. सासू म्हणाली, कुणीतरी नजर लावली, आणि मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. बालवाडीच्या बाईंनी मात्र चिठ्ठी-बिठ्ठी न देता तोंडावर सांगितलं, उजवा डोळा झाकला तर तुमच्या मुलीला माझं तोंड दिसत नाही, डोळ्याच्या डॉक्टरकडे न्या. त्या रात्री मी जेवले नाही. सकाळी नवऱ्याला म्हटलं, आज मिल नाही, दवाखाना.

डोळ्यांची डॉक्टर बाई होती. वयाने माझ्याएवढीच असेल. तिने पोरीच्या डोळ्यांत थेंब घातले, अंधाऱ्या खोलीत बराच वेळ आत बघितलं. पोरगी शहाण्यासारखी बसली होती, तिला वाटत होतं आपला फोटो काढतायत. मग बाईंनी आम्हा दोघांनाही समोर बसवलं. दोघांनाही, हे मी मुद्दाम लिहिते. आणि हिंदीत, मला कळेल असं, सावकाश बोलल्या. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर, ऐन मधोमध, जुना डाग आहे. जन्माच्या आधीचा, पोटातला. त्या भागाने आपण समोरचं बघतो, तोच जळलाय. बाजूचं थोडं दिसतं.

"पोटात असताना घरी मांजर होतं का?" त्यांनी विचारलं.

"होतं," मी म्हटलं, "पण सुरुवातीलाच घालवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं. रिपोर्ट पण चांगला आला होता."

"चांगला म्हणजे?"

नवरा म्हणाला, काही नाही निघालं म्हणून सांगितलं होतं.

बाई म्हणाल्या, काही निघालं नाही याचा अर्थ हिला तोवर हा रोग कधी झालाच नव्हता, म्हणून तर हिला सांभाळायला हवं होतं. एकदा आधीच होऊन गेलेल्या बाईला सहसा भीती नसते, पोटुशी असताना पहिल्यांदा झाला तर तो बाळापर्यंत जातो. मांजराच्या केसाने, श्वासाने, त्याला मांडीवर घेतल्याने हे होत नाही. उंदरात, कच्च्या मांसात तो जंतू असतो, मांजर ते खातं आणि मग काही दिवस त्याच्या विष्ठेतून तो पडतो. ताज्यात धोका नसतो, ती एक-दोन दिवस पडून राहिली की असतो, आणि माती ओलसर असली तर महिनोन् महिने असतो. "मातीत हात घालायचात का? बागकाम वगैरे?"

बागकाम! पांडेसरात! मला हसू आलं, आणि हसता हसता मला नळामागचा ढीग आठवला.

"राख," मी म्हटलं. "भांडी राखेने घासायची मी. मांजरं तिथेच जायची. ढीग नळापाशी होता, राख ओलीच असायची."

"हाताला काही न घालता? आणि हे कुणीच तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

मी नाही म्हणणार इतक्यात शेजारून नवऱ्याचा आवाज आला. त्याला बहुतेक त्या दुसऱ्या डॉक्टरची बाजू राखायची होती, की आपण किती नीट ऐकलं होतं ते दाखवायचं होतं, देव जाणे. तो म्हणाला, "नाही नाही मॅडम, सांगितलं होतं ना त्या साहेबांनी. मातीत, राखेत हात घालू देऊ नका, भांडी दुसऱ्या कुणाला तरी घासू द्या, मटण नीट शिजवून खा, हात साबणाने धुवा, सगळं सांगितलं होतं."

डॉक्टरबाई माझ्याकडे बघत राहिल्या. तो काय बोलून बसला ते त्याला जरा उशिरानेच कळलं.

बाहेर व्हरांड्यात मी त्याला गाठलं. पोरीच्या डोळ्यांत थेंब घातलेले, तिला उजेड सहन होत नव्हता, तिने माझ्या पदरात तोंड खुपसलं होतं.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगितलं ना, मांजर—"

"भांड्यांचं का नाही सांगितलं?"

तो इकडे तिकडे बघायला लागला. "आईला काय सांगणार होतो? तिने माझ्या वेळी शेवटच्या दिवसापर्यंत शेतात काम केलं. तिला म्हणू, की आता तू भांडी घास, माझी बायको घासणार नाही? सगळ्या लाइनीत मला बायकोच्या ताटाखालचं मांजर म्हणाले असते. आणि मांजर काढलं ना मी? एवढ्या लांब सोडून आलो. मला वाटलं, मांजर गेलं म्हणजे संपलं."

जे करायला पुरुषाला एक तास लागतो, ज्यात चार लोक शाबास म्हणतात, ते याने केलं. आणि जे रोज करायचं होतं, ज्यात आईसमोर एकदा तोंड उघडायचं होतं, ते याने डॉक्टरच्या खोलीतच टाकून दिलं. वर मला सांगितलं, चांगलं खा-पी! मी त्याला म्हटलं, "तुमच्या लाजेपायी माझ्या पोरीचा डोळा गेला." त्याने हळू बोल म्हटलं, लोक ऐकतायत. मी हळू बोलले नाही. सगळ्या व्हरांड्याने ऐकलं, ऐकू दे म्हटलं.

डॉक्टरबाईंनी पोरीच्या उजव्या, चांगल्या डोळ्यावर रोज काही वेळ पट्टी लावायला दिली. म्हणजे डावा डोळा कामाला लागेल. डाग मधोमध आहे, फार आशा धरू नका, पण करून बघू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं. त्याची सुट्टीच होती. मी रात्रीची सगळी भांडी नळावर नेऊन ठेवली, मांडणीवरचीही काढली, एकूण एक. ढिगातून घमेलं भरून राख आणली. सगळ्या बाया तिथे होत्या. मी खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, या. बसा इथे आणि घासा."

तो दारात आला आणि तिथेच थबकला. त्याच्या मागून सासू ओरडत बाहेर आली, "सारा लाइनमा मना आंडोरले भांडा घासाले बसाडस? लाज वाटत नही का व तुले?" आंडोर म्हणजे तिचा लेक.

"आत्या," मी म्हटलं, "पोटुशी असताना मी राखेत हात घालायचा नाही, दुसऱ्याने भांडी घासायची, असं डॉक्टरने यांना सांगितलं होतं. पोरीचा डोळा त्या राखेने गेलाय. यांना सगळं माहीत होतं. तेव्हाचं काम बाकी राहिलंय, ते आज करून घेतेय."

मला वाटलं होतं ती आता माझ्या झिंज्या उपटेल. तिने लेकाकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. मग ती एवढीशी होऊन म्हणाली, "माले सांगता ते मी घासी टाकती ना व." मला सांगितलं असतं तर मीच घासली असती.

हे ऐकून तर मी आतून पेटले. खरंच घासली असती की नसती, मला माहीत नाही. तिच्या तोंडाची मी कधी खात्री धरली नाही. पण याने विचारलंसुद्धा नव्हतं. एकदा विचारायचं होतं. आई नाही म्हणाली असती तर मला सांगायचं होतं, मी हाताला पिशवी बांधली असती, राखेच्या ढिगाकडे पाठ फिरवली असती, भांडी काळी ठेवली असती. माझं मी बघितलं असतं.

तो आला. लुंगी गुडघ्यावर घेऊन नळाखाली बसला. कुणी हसलं नाही, बाया आपापली भांडी सोडून नुसत्या उभ्या होत्या. त्याने पहिली थाळी ओढली आणि आपल्याच मिलची राख लावून घासायला लागला. जमत नव्हतं, पण जोर लावत होता. पोरगी उजव्या डोळ्यावर पट्टी लावून त्याच्याशेजारी येऊन उकिडवी बसली. तिला हा खेळ वाटला, पप्पा भांडी घासतायत.

त्याने थाळी धुतली आणि उन्हात धरली. लख्ख निघाली होती. सासूने काही खोट काढली नसती. "बघ," तो पोरीला म्हणाला, "तोंड दिसतं का तुझं?"

तिने मान वाकडी केली. थाळी नाकाला लावली, मग बाजूने बघितली, परत नाकाला लावली.

"नथी देखातुं, पप्पा," ती म्हणाली. "नाही दिसत. अजून घासा ना."

त्याने परत मूठभर राख घेतली आणि तीच थाळी घासायला लागला. सासू तोंडाला पदर लावून आत गेली. मी तिथेच उभी राहिले, आणि थाळी त्याच्या हातातून घेतली नाही.